पियानो लाव

थोरलीला दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची खोड होती. समोरचा "मला असं वाटतं की..." एवढं म्हणून श्वास घ्यायला थांबला, की ही त्याचं पुढचं वाटणं सांगून मोकळी. गंमत अशी की दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं, त्यामुळे खोड मोडायची वेळ कधी आलीच नाही. ती लिफ्ट दुरुस्त करायची. अकरा जिने उतरून आलेला घामाघूम माणूस "अहो, ते दार..." म्हणायचा आणि ही "सहाव्यावरचं ना? लागतं, पण खटका पडत नाही," म्हणत हत्यारांची पेटी उचलायची. लोक तिला हुशार म्हणायचे आणि तिलाही ते पटलेलं होतं.

सोमवारी सकाळी इस्पितळात तिने आपल्या बाबांचं वाक्य असंच पुरं केलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

बाबा गवंडी. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या भिंती सरळ केल्या. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. पाय थोडा परत आला. बोलणं मात्र सुटं सुटं येत होतं. एक शब्द यायचा, पुढचा शोधत ते डोळे बारीक करून बसायचे, आणि तो येईपर्यंत ऐकणाऱ्याचा धीर संपायचा. शिवाय "हो" आणि "नाही" यांची त्यांच्या तोंडात अदलाबदल झाली होती, त्यामुळे हो की नाही एवढं विचारायचीही सोय राहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "शुक्रवारी घरी नेता येईल. पण जिना नाही, एक पायरीसुद्धा नाही. पलंग तळमजल्यावर हवा, न्हाणीघर जवळ हवं आणि वॉकर घेऊन वळायला जागा हवी. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला खोलीचे फोटो पाठवा. जागा नसेल तर शुश्रूषागृहात त्यांच्या नावाने एक खाट धरून ठेवली आहे."

ते शुश्रूषागृह थोरलीला चांगलं माहीत होतं. तिथली लिफ्ट तीच पाहायची. तिथे चार दिवसांसाठी आलेली माणसं तिला वर्षानंतरही त्याच खिडकीशी बसलेली दिसायची.

घरात खाली खोली एकच होती, पुढची. आणि त्या खोलीत पियानो होता.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, डावा हात उचलला आणि म्हणाले, "पियानो... लाव..."

"लावते, बाबा! विल्हेवाटच लावते त्याची," थोरली म्हणाली. "गुरुवारपर्यंत खोली मोकळी. काही काळजी करू नका."

बाबा म्हणाले, "हो, हो, हो," आणि हात चादरीवर टाकून भिंतीकडे वळले. थोरलीने ते होकारात धरलं.

या पियानोबद्दल सांगायचं तर तो घरात आला तोच मुळी बाबांच्या कानामुळे. एका बड्या घराच्या गिलाव्याचं काम त्यांच्याकडे होतं. तीन महिने ते परांचीवर उभे राहून थापी चालवत होते आणि आत त्या घरची मुलगी पियानो वाजवत होती. पुढे ती माणसं घर सोडून दूर निघाली. पियानो काही बरोबर नेता येण्यासारखा नव्हता. "हवा तर न्या," म्हणाले. बाबांनी चार गवंडी जोडीदार आणि एक हातगाडी गोळा केली आणि ते काळं धूड घरी आणलं. थोरली तेव्हा आठ वर्षांची. बाबांनी तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आता तू."

नऊ वर्षं. रोज एक तास. शिकवायला येणाऱ्या बाई चांगल्या होत्या, थोरलीची बोटंही काही वाईट नव्हती. पण तिला तो प्रकार मनापासून नकोसा होता. तिला आवडायचं ते पियानोचं पोट. दहा वर्षांची असताना तिने खालची फळी काढून आत डोकं घातलं होतं आणि पायाखालचा दांडा दाबला की आत काय काय उचललं जातं ते पाहत दुपारभर बसली होती. त्यावर तिला ओरडा बसला. सतराव्या वर्षी तिने एक दिवस झाकण लावलं आणि सांगितलं, मी लिफ्टचं काम शिकायला जाते. बाबा एवढंच म्हणाले, "बरं."

त्या "बरं"वर थोरलीने सव्वीस वर्षं काढली. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. तिची पक्की समजूत झाली होती की आपण या माणसाचं एकुलतं एक हौसेचं स्वप्न मोडलं आणि त्याने ते मुकाट्याने गिळलं. ती त्यांच्याशी दुनियेभरच्या गप्पा मारायची, पण पियानोचा विषय निघाला की उठून चहा टाकायला जायची.

दुसरी गोष्ट दाराची. आईचे गुडघे गेले तेव्हा बाबांनी जिन्याखाली न्हाणीघर बांधलं आणि त्यासाठी बोळातली भिंत वीतभर अलीकडे घेतली. काम अव्वल झालं होतं. ओळंबा लावून बघा, आजही एक सूत इकडे तिकडे नाही. सगळं झाल्यावर, शेवटची फरशी पुसताना आईने विचारलं, "अहो, आणि हा पियानो आता बाहेर कसा जायचा?" बाबांनी बोळाकडे पाहिलं, पियानोकडे पाहिलं. अख्खं काम चाललं असताना ते त्या पियानोवर चादर टाकून वर घमेलं ठेवत होते. एवढा मुरलेला गवंडी हातात ओळंबा घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "जायचाय कशाला?"

तेव्हापासून घरात कुणी वेंधळेपणा केला की "पियानो चिणलास" असं म्हणायची पद्धत पडली. आई गेली, पण तो शब्द राहिला.

तर असा हा चिणलेला पियानो थोरलीला तीन दिवसांत बाहेर काढायचा होता. सोमवारी दुपारी तिने जाहिरात टाकली: जुना पियानो, फुकट, स्वतः येऊन न्यावा. फुकट म्हटल्यावर फोन खणाणायला लागले. संगीताच्या एका वर्गाच्या बाई मोठ्या कौतुकाने आल्या, चार पट्ट्या दाबल्या आणि कौतुक तिथेच ठेवून गेल्या. एका हौशी गृहस्थाला त्याचं पुस्तकांचं कपाट करायचं होतं. त्याने बोळ मोजला, पियानो मोजला, पुन्हा बोळ मोजला आणि बायकोला विचारून सांगतो म्हणाला. मंगळवारी भंगारवाला आला. तो अनुभवी होता, त्याने मोजलंसुद्धा नाही.

"बाई, आधी घर पाडा," तो म्हणाला, "मग मला बोलवा."

थोरली डगमगली नाही. जे अख्खं जात नाही ते सुटं करून न्यायचं, हे तिच्या धंद्यातलं साधं गणित होतं. लिफ्टची मोटर गच्चीवर कशी पोहोचते असं वाटतं लोकांना? तिने बुधवार-गुरुवारची रजा टाकली आणि आपल्या कामावरच्या जोडीदाराला फोन केला. हा जोडीदार कधीही पान्याशिवाय दिसायचा नाही म्हणून त्याचं नावच पाना पडलं होतं.

"गुरुवारी सकाळी चेनपुली आणि ढकलगाडी घेऊन ये," ती म्हणाली.

"कितव्या मजल्यावर?"

"तळमजल्यावर."

"तळमजल्यावर चेनपुली कशाला..."

"ये म्हटलं की यायचं!"

मंगळवारी संध्याकाळी धाकटा भाऊ आला. धाकटा शाळेत भाषा शिकवायचा आणि घरीही शिकवायचा. तिच्या हातात पेचकस बघून तो दारातच थबकला.

"ताई, हे काय चाललंय?"

"बाबांनी सांगितलंय. पियानो लाव म्हणाले, त्याची विल्हेवाट लावते."

"विल्हेवाट लाव म्हणाले?"

"पुढचं मीच म्हटलं. त्यांना कुठे जमतंय बोलायला."

धाकट्याने कपाळावर हात मारला. "अगं, लाव म्हणजे सुरात लाव! तंबोरा लावतात, तसा पियानो लाव. त्यांना ऐकायचाय तो. मलाही दीड महिना तेच म्हणतायत. म्हणून तर मी एका माणसाला बोलावलंय, उद्या येतोय तो लावायला."

"लाव म्हणजे सुरातच कशावरून? दार लाव म्हणतो, दिवा लाव म्हणतो, झाड लाव म्हणतो..."

"आणि वाट लाव म्हणतो. तेवढंच तुला कळतं."

"बरोबर. कारण पलंग मला लावायचाय!" थोरलीचा आवाज चढला. "शुक्रवारी तो माणूस घरी येतोय, नाहीतर त्या शुश्रूषागृहात जातोय. तुझ्याकडे नेतोस? तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी कितीदा सांगितलं तुझ्या सोसायटीला, लिफ्ट बसवा म्हणून."

धाकटा जाता जाता दारात वळून म्हणाला, "ताई, त्यांनी आयुष्यात एकच चैन केली, ती ही. ती त्यांना न विचारता मोडू नकोस. पुन्हा."

ते "पुन्हा" थोरलीला वर्मी लागलं. तिने पेचकस पेटीत टाकला आणि स्टुलावर बसून राहिली.

बुधवारी सकाळी धाकट्याबरोबर पियानो लावणारे काका आले. अंगाने काटकुळे, हातात त्यांच्याहून जुनी चामड्याची पिशवी. बोलणं कमी. त्यांनी वरचं झाकण उघडलं, पुढची फळी उतरवली आणि एका खुंटीवर किल्ली बसवून हलकेच फिरवली. तार चढली. काकांनी पट्टी दाबली, सूर बरोबर लागला. काकांनी किल्ली काढली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. थोड्या वेळाने पुन्हा तीच पट्टी दाबली. सूर उतरला होता.

"ब्रेक धरत नाही," थोरली म्हणाली.

काकांनी मान वळवून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "काय करता तुम्ही?"

"लिफ्ट दुरुस्त करते."

"तरीच." त्यांनी बॅटरी काढून खुंट्यांच्या मागचं लाकूड दाखवलं. इकडून तिकडे केसासारखी चीर गेली होती. "खुंट्या या फळीत धरलेल्या असतात. फळीच तडकली. आज लावला तर उद्या उतरेल. याला आता कुणी लावू शकत नाही, मीही नाही आणि माझे गुरुजी असते तर तेही नाहीत."

धाकट्याचा चेहरा पडला. थोरलीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिने विचारलं, "सुटा करायचा तर आधी काय काढायचं?"

"आधी काही काढायचं नाही," काका घाईने म्हणाले. "आधी ताण उतरवायचा. दोनशेच्या वर तारा आहेत. सगळ्यांची मिळून ओढ पंधरा टनांच्या वर जाते."

"पंधरा?" थोरलीने आ वासला. "माझी मोठ्यातली मोठी लिफ्ट एक टन उचलते."

"पंधरा. आणि एका बाजूने सोडत गेलात तर दुसरी बाजू बिडाच्या चौकटीला पिळून काढेल. चार इकडच्या, चार तिकडच्या, प्रत्येक खुंटी अर्धा फेरा. सगळ्या झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. घाई करायची नाही." ते थोडं थांबले आणि त्यांनी ती किल्ली तिच्या हातात ठेवली. "ही ठेवा. मी शुक्रवारी नेईन. तारांवर पडणाऱ्या हातोड्या आणि खर्जाच्या तारा मला लागतील, तेवढ्या बाजूला काढा."

दुपारी चार वाजता, भेटीच्या वेळी, थोरली इस्पितळात गेली. विचारूनच टाकायचं असं तिने ठरवलं होतं. बाबा खुर्चीत बसले होते आणि बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई त्यांच्यासमोर चित्रांचे पत्ते मांडत होत्या.

"बाबा," थोरली म्हणाली, "पियानो सुरात लागत नाही. फळी तडकली आहे. मोडायला लागेल. मोडू ना?"

बाबांचे डोळे चमकले. "पियानो... लाव..."

"लावता येत नाही हो, तेच सांगतेय. धाकट्याने माणूस आणला होता, त्याने..."

"पियानो... मी..."

"तुम्ही आणला होता, माहीत आहे मला. हौसेने आणला होतात. म्हणून तर विचारतेय. तुम्हाला ठेवायचा असेल तर..."

बाबांनी डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या हातावर जोरात आपटली. पत्ते खाली पडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते रागाचं होतं. थोरली घाबरली. या माणसाला चिडलेलं तिने फारसं कधी पाहिलंच नव्हतं.

बाई तिला बाहेर घेऊन आल्या. वयाने थोरलीपेक्षा बऱ्याच लहान, पण भिडभाड न ठेवणाऱ्या.

"तुम्ही त्यांना एकही वाक्य पुरं करू देत नाही," त्या म्हणाल्या.

"मी मदत करतेय त्यांना."

"शब्द त्यांच्याकडे आहेत. त्यांना फक्त वेळ लागतो. तुम्ही मधे तुमचा शब्द टाकला की त्यांचा हातातला निसटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो. मी घड्याळ लावून पाहिलंय. तुम्ही तीन सेकंदसुद्धा थांबत नाही."

थोरलीला भयंकर राग आला. आपल्या बापाशी कसं बोलायचं हे आता परक्याने शिकवायचं! घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात त्या बाईंना उत्तरं देत होती, एकाहून एक फर्मास. आणि मग दार उघडताना तिला कळलं की आपल्याला राग आलाय तो बाईंचं खरं असल्यामुळे.

पण गुरुवार काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. बाबांना काय म्हणायचंय ते तिला अजूनही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होईपर्यंत बसून राहिलं तर बाबाच घरी येणार नव्हते. तिने हिशेब सरळ मांडला. पियानो मोडला आणि त्यांना तो हवा होता असं निघालं, तर ते तिच्यावर चिडतील, पण घरी बसून चिडतील. चूक झालीच तर ती आपल्या नावावर. एकदा हे ठरल्यावर तिला रात्रभर झकास झोप लागली.

सकाळी सातला पाना आला. धाकटाही आला, बाह्या दुमडून. "मला पटलेलं नाही," त्याने आल्या आल्या जाहीर केलं, "पण तू एकटी उचलशील आणि कंबर धरून बसशील."

"पटवून घेऊ नकोस, फक्त उचल," थोरली म्हणाली.

ताण उतरवायलाच साडेतीन तास लागले. चार इकडच्या, चार तिकडच्या, अर्धा फेरा. तारा सैल होताना बारीक कण्हल्यासारखा आवाज करत होत्या. धाकट्याने तोंड फिरवलं, पण थोरलीचा हात मजेत चालला होता. या यंत्रासमोर तिने नऊ वर्षं काढली होती, आणि त्याने आत काय दडवलंय ते ती आत्ता पाहत होती. हातोड्यांचा अख्खा सांगाडा चार पेच काढल्यावर एका तुकड्यात बाहेर आला. केवढी कारागिरी! एक पट्टी दाबली की आत किती भाग आपापली वेळ सांभाळून हलायचे, ते तिने पान्याला समजावून सांगितलं आणि पाना आपली टोपी काढून बघत राहिला.

"ताई, हे बनवणाऱ्याला आपल्या कंपनीत घ्यायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

पट्ट्या पंच्याऐंशी निघाल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर घातलेला. त्यातल्या दोन धाकट्याने खिशात घातल्या, वर्गातल्या मुलांना दाखवायला म्हणे. मग फळ्या, कुशीतले लाकडी खांब आणि सगळ्यात शेवटी बिडाची चौकट. तीन पायांच्या घोडीला चेनपुली लावून तिने चौकट इंच इंच उचलली, कडेवर उभी केली आणि ढकलगाडीवर बसवली. बोळात ती दोन्ही बाजूंनी बोटभर अंतर राखून गेली. बाबांच्या भिंतीला एक ओरखडाही पडला नाही. याचा थोरलीला इतका आनंद झाला की तिने भर बोळात पान्याच्या पाठीत धपाटा घातला.

चार वाजता भंगारवाला आला. सुटे भाग अंगणात नीट रचलेले बघून म्हणाला, "घर पाडलं नाहीत की!" थोरलीने त्याच्याकडे फक्त पाहिलं. पाच वाजेपर्यंत फरशी पुसून पलंग लावून झाला. वॉकर घेऊन तिने स्वतः तीन वेळा वळून पाहिलं आणि फोटो पाठवले. डॉक्टरीणबाईंचं उत्तर लगेच आलं: आणा उद्या.

शुक्रवारी दुपारी बाबा आपल्या पायांनी दारातून आत आले. एक हात वॉकरवर, एका बाजूला धाकटा, मागे थोरली. बोळ पार करायला बराच वेळ लागला. भिंतीशी ते थांबले, डावा तळवा तिच्यावरून फिरवला आणि पुढे निघाले.

खोलीत पाऊल टाकल्यावर त्यांची नजर थेट लांबड्या भिंतीकडे गेली. तिथे रंगाचा एक फिकट चौकोन उरला होता, बाकी काही नाही. बाबा पलंगाच्या काठावर टेकले. त्यांनी त्या चौकोनाकडे पाहिलं, मग थोरलीकडे. आता जे यायचं ते येणार होतं.

"पियानो..." बाबा म्हणाले.

"बाबा, मी तुम्हाला..." थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. ती समोरच्या खुर्चीत बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि गप्प राहिली.

"पियानो... मी..."

डोळे बारीक झाले. शब्द शोधायला ते आत गेले. थोरलीच्या जिभेवर सहा वाक्यं तयार होती, एकाहून एक चपखल. तिने एकही सोडलं नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली. धाकटा चुळबुळला. थोरलीने मान न वळवता त्याच्या पायावर पाय ठेवला.

"लाव... ला," बाबा म्हणाले. पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला होता. "तुझ्या..."

त्यांनी डावा हात पलंगाच्या काठावर रोवला.

"...मागे."

मग त्यांनी एकदा मोठा श्वास घेतला आणि सगळं एका ओळीत मांडलं, एकेक वीट ठेवून. "पियानो. मी. लावला. तुझ्या. मागे." आणि थोडं थांबून, "चुकलं."

त्यांना पियानो ठेवायचाही नव्हता आणि मोडायचाही नव्हता. त्यांना फक्त एवढं म्हणायचं होतं, दीड महिना म्हणायचं होतं, आणि रोज कुणी ना कुणी मधेच त्याचं शेपूट तोडत होतं.

"नाही हो बाबा," धाकटा पुढे सरसावला, "चुकलं काय त्यात, तुम्ही तर हौसेने..."

थोरलीने हात वर करून त्याला थांबवलं. तिचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसले नाहीत. या माणसाने एवढ्या कष्टाने एकेक शब्द खणून आणला होता. त्याला आता खोटं उत्तर द्यायचं नाही, हे तिला लख्ख कळलं.

"हो बाबा," ती म्हणाली, "चुकलंच. नऊ वर्षं. रोज एक तास. मला एकही दिवस आवडलं नाही. आणि सोडला तेव्हा तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात, तर मला वाटलं तुमचं मन मोडलं. सव्वीस वर्षं मी तेच धरून बसले."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांची डावी भुवई हळूहळू वर गेली. आणि मग काय झालं ते त्या तिघांपैकी कुणालाच नीट सांगता आलं नसतं. शोधावं लागलं नाही, थांबावं लागलं नाही. दीड महिन्यात पहिल्यांदा एक अख्खं वाक्य त्यांच्या तोंडून खणखणीत बाहेर पडलं.

"मग सांगायचं की!"

ते स्वतःच दचकले. धाकटा दचकला. आणि साऱ्या जगाची वाक्यं पुरी करणारी थोरली आपलं एवढंसं वाक्य सव्वीस वर्षं पोटात घेऊन फिरली होती.

बाबांचं तोंड डाव्या बाजूने हसायला लागलं, आणि उजवी बाजूही थोडी त्यांच्याबरोबर गेली.